मार खाणाऱ्याचा पार्ट

पहिला चाबूक बाबांच्या पाठीवर पडला. बनियन फाटलं. लोक ओरडले, "वन्स मोअर!"

पाटलाने घाम पुसला आणि पुन्हा हाणला. चाबूक अंबाडीच्या दोराचा, पाण्यात भिजवलेला. तिसऱ्या वन्स मोअरला बाबा आडवे झाले. माणसं आणखी खूश. मी दहा वर्षांची असेन, आईच्या मांडीत नखं रुतवून बसले होते. शेजारची बाई म्हणाली, "कसा तडफडून राहिला! खराच वाटते."

खराच होता.

सानगडीजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत दरवर्षी हेच जुनं नाटक. सरदार आपल्या निर्दोष नोकराला चोर समजून फोडून काढतो. पुढच्या अंकात नोकराची बायको भर दरबारात सरदाराला जाब विचारते. सरदार नेहमी पाटलाच्या घरचा. नोकर नेहमी आमच्या बौद्ध मोहल्ल्यातला. बाबांच्या आधी हा पार्ट माझ्या मोठ्या काकाचा होता.

आई हळद-तेल लावता लावता भांडायची. बाबा म्हणायचे, "नाटकात मार खावाच लागते. अन् दुसरा पार्ट देते कोण मले?"

बाबांना नाटकाचं भयंकर वेड. धान कापताना सरदाराची भाषणं म्हणायचे, तीही पाटलापेक्षा चांगली. मला दरबाराचा प्रवेश आवडायचा. तो मी म्हशीपुढे उभी राहून म्हणायचे.

भंडारा जिल्हा फुटून दोन जिल्हे झाले, त्याच्या पुढच्या वर्षी मी भंडाऱ्याला कॉलेजात गेले. गॅदरिंगला तेच नाटक. बायकोचा पार्ट मला. मी विंगेत उभी होते. चाबूक उठला, मी डोळे मिटले. आवाज झाला. उघडून बघते तर चाबूक नोकराच्या अंगापासून हातभर लांब, फळीवर. त्याच क्षणी तबलजीने डग्ग्यावर थाप दिलेली. नोकर झालेला मुलगा छान विव्हळत होता. त्याच्या पाठीवर ओरखडासुद्धा नव्हता.

इतकं सोपं होतं. आमच्या गावातही तबलजी होता.

दिवाळीत घरी आले. शाळेच्या पडवीत दुपारची तालीम चालली होती. तालमीतही पाटील खरंच मारायचा, हात बसावा म्हणून. मी पुढे गेले.

"पाटील, चाबूक भुईवर मारा. थाप तबल्याची घ्या. भंडाऱ्याले असंच करतेत."

पाटील हसला. "अन् लोकायले मजा कायची येईन मंग? तुह्या बापाची पाठ पक्की आहे. विचार त्याले."

गुडघ्यावर बसलेले बाबा वर न बघता म्हणाले, "जाऊ दे माय. तालीम होऊ दे."

पाटलाने हात उचलला. मी मध्ये शिरले. चाबूक माझ्या गालावर बसला. तोंडात रक्त आलं. मी दोर धरला, मनगटाला गुंडाळला, ओढला. पाटील तोंडावर आपटला. मग मी मारलं. पाच आठवतात, पुढचे आठवत नाहीत. त्याचा सदरा फाटला तेव्हा मला बरं वाटलं, हे लपवत नाही. शेवटी बाबांनीच माझा हात पिरगळून दोर सोडवला आणि माझ्या थोबाडीत दिली.

दुसऱ्या दिवशी गावातली चार माणसं दारात आली. त्यांच्यातला म्हातारा बाबांना म्हणाला, "पोरीनं पाटलाचे पाय धरून माफी मांगावी. नाही तं तुमच्या मोहल्ल्यातला माणूस नाटकात घेणार नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत विनवणी होती. आपल्याला पुन्हा मार खायला मिळावा म्हणून माझा बाप मला विनवत होता. ती चीड अजून आवरत नाही.

मी माफी मागितली नाही. बाबा पुन्हा स्टेजवर चढले नाहीत. वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मंडईच्या दिवशी अजूनही भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. त्यांचं एकुलतं सुख मी हिसकावलं, मला माहीत आहे. फार वाईट वाटतं.

तरी ती पाठ आता कोणाच्या मजेसाठी नाही. बाबांच्या हौसेसाठीही नाही. उद्या कोणी तोच पार्ट घेऊन आलं आणि बाबा उठून निघाले, तर मी दाराला आतून कडी घालीन आणि कडीवर हात ठेवून उभी राहीन. त्यांनी मला मारलं तरी काढणार नाही.