लटारू मिस्त्रीचे तेलाचे ब्रेक

चांद्याच्या मोटारस्टँडमागे लटारूची टिनाची शेड होती. तो शिकलेला नव्हता, पण इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगायचा, आणि तो बहुधा बरोबर निघायचा. त्यामुळे जंगलातले ठेकेदार ट्रक घेऊन त्याच्याकडेच येत. पस्तिशीत माणसाला एवढं नाव मिळालं की आपल्याला काही येत नाही, हे तोंडातून निघणं अवघड होतं. लटारूचं तेच झालं.

१९५४ च्या उन्हाळ्यात लाकडाचे ठेकेदार गुणवंतराव आपली दोन माणसांची विलायती गाडी घेऊन आले. देश सोडून जाणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती. लांब नाक, खाली बसकी, छप्पर कापडाचं. शर्यतीसाठी केलेली गाडी, पण ब्रेक जुन्या पद्धतीचे, तारेने ओढायचे. दाबला की गाडी डावीकडे जायची. ती चालवायचे गुणवंतरावांचे ड्रायव्हर बापूजी. वय साठीला टेकलेलं, वीस वर्षं गाडी हाकलेली, नावावर एक अपघात नाही.

शेडमध्ये चैतू नावाचा म्हातारा फिटर होता. त्याने चाकं उघडून पाहिली आणि म्हणाला, "तारा नव्या टाक, पट्टे नवे लाव, ड्रम खरादच्या मशीनवर घासून घे. चारही चाकं सारखी धरतीन. गाडी जशी बनली तशीच राहू दे."

"जुनंच कराचं त माह्याकडे काऊन आनली?" लटारू म्हणाला. लिलावात घेतलेल्या मिलिटरीच्या जीपचे तेलाचे ब्रेक, तारेऐवजी नळीतल्या तेलाच्या दाबाने धरणारे, शेडच्या कोपऱ्यात पडले होते. "हे बसवतो. पाय लावला का जागीच उभी राहीन."

गुणवंतरावांना हे फार आवडलं. नव्या ब्रेकची गोष्ट चार लोकांत सांगता येणार होती.

लटारूने तीन आठवडे खपून काम केलं. नळ्या वाकवल्या, पट्ट्या बसवल्या, आणि ते सगळं खरोखर चांगलं केलं. फक्त ब्रेकचं खास तेल चांद्यात मिळेना. ते नागपूरहून मागवावं लागणार होतं. गुणवंतरावांची घाई सुरू होती. तेल तेच असतं, असं स्वतःला समजावत त्याने डब्यातलं इंजिनाचं तेल भरलं. चैतूने विचारलं, "हेच तेल चालते का?" लटारू म्हणाला, "चालते." त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे चैतूसमोर म्हणायचं नव्हतं.

दहा-बारा दिवस गाडी छान थांबली. मग मूल गावाच्या पुढे, सिंदेवाहीच्या रस्त्यावर, नाल्याच्या उतारावर बांबूची बैलगाडी आडवी आली. बापूजींनी ब्रेक दाबला. पाय सरळ खाली गेला. त्यांनी स्टिअरिंग फिरवून गाडी ऐनाच्या झाडावर घातली, म्हणून गाडीवान आणि बैल वाचले. गुणवंतरावांच्या कपाळाला खोक पडली. बापूजींचं उजवं मनगट मोडलं.

मोडकी गाडी ओढून शेडमध्ये आणली. गुणवंतराव लोकांना सांगत होते, "म्हाताऱ्याचा पाय वेळेवर पडला नाही. ब्रेक तर नवे कोरे." बापूजींना त्यांनी कामावरून काढून टाकलं.

लटारूने ब्रेक उघडले. आतली तेल दाबून धरणारी रबराची वाटी भिजलेल्या चण्यासारखी फुगून मऊ झाली होती आणि तिची कड फाटली होती. चुकीच्या तेलाने रबर खाल्लं होतं. त्याने ती वाटी मुठीत धरली. चैतू समोरच उभा होता. त्याने वाटी पाहिली आणि तो आपल्या कामाला लागला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लटारू पुढे म्हणायचा.

स्टँडवर ड्रायव्हर बापूजींच्या वयाची चर्चा करत. लटारू ऐकायचा आणि मान खाली घालायचा. असा त्याने महिनाभर काढला. घरी त्याची बायको गिरजा म्हणाली, "जेवन गोड लागत नाई, कोनाशी बोलत नाई. काय झालं तुमाले?" त्याने तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्या ड्रायव्हरले त माईत नसन ना, का त्याचं काई चुकलं नाई."

ही गोष्ट लटारूच्या डोक्यात आलीच नव्हती.

तो आधी गुणवंतरावांकडे गेला आणि वाटी त्यांना दाखवली. ते म्हणाले, "आता काय उपयोग? दुसरा ड्रायव्हर ठेवला मी. तूही कोणाला सांगू नको, तुझंच नाव जाईल."

दुसऱ्या दिवशी तो गोंडपिपरीकडच्या बापूजींच्या गावी गेला. ढिवरांचं, मासे धरणाऱ्यांचं घर, मागे तलाव. बापूजी ओसरीवर बसून डाव्या हाताने जाळं सांधत होते. उजवं मनगट वाकडंच जुळलं होतं.

"भाऊ, ब्रेक मीच बिघडवला," लटारू म्हणाला. "तेल चुकीचं टाकलं. तुमचा पाय बरोबर होता."

बापूजींचा हात थांबला. "मी रोज बसून आठवत राह्यलो," ते म्हणाले. "पाय उचलला का नाई, दाबला का नाई. सारे म्हनत होते, म्हून मलेच वाटाले लागलं का पाय हाललाच नसन. तू महिनाभर कुठी होता?"

लटारूने खिशातली वाटी काढून त्यांच्यासमोर धरली.

बापूजींनी मुलाला हाक मारली. खुशाल तलावावरून आला. सून दाराशी उभी राहिली. "आता हेच याच्यासमोर सांग," बापूजी म्हणाले. "हा मले म्हनते, बाबा, तुमचं वय झालं."

लटारूने पुन्हा सगळं सांगितलं. आपल्याला येत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली, हेही सांगितलं. खुशालने बापाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. सुनेने चहा आणला.

"माफी नको मागू," बापूजी म्हणाले. "स्टँडवर सांग."

त्याने सांगितलं. एकेका ड्रायव्हरला गाठून, वाटी दाखवून. काहींनी त्याच्याकडे येणं सोडलं. गुणवंतरावांनी तर गाडी नेल्यावर पुन्हा शेडचं तोंड पाहिलं नाही. पण त्याआधी चैतूच्या हाताखाली बसून लटारूने त्यांच्या गाडीला पुन्हा तारेचेच ब्रेक बसवले होते, ड्रम घासून, पट्टे नवे लावून. गाडी सरळ थांबली.

स्टँडवर बापूजींचं नाव पुन्हा मानाने घेतलं जाऊ लागलं. एका बसवाल्याने त्यांना बोलावणंही पाठवलं. वाकड्या मनगटाने बसचं स्टिअरिंग ओढलं जात नव्हतं, म्हणून ते गेले नाहीत. लटारू पुढे पंचवीस वर्षं मिस्त्री होता. चांगला होता. कोणी त्याच्या हाताची तारीफ केली की तो उठून बाहेर जायचा.