डावा हात पुढे आला तेव्हा

हायड्रोजन फ्लोराईड काचेच्या बाटलीत ठेवत नाहीत. ते काच खाते. थंड खोलीत ते द्रव राहते, कतारमधल्या दोहा शहराच्या उन्हाळ्यात उकळून वायू होते. पाण्यात विरघळले की रसायनशास्त्र त्याला सौम्य आम्ल म्हणते, कारण हायड्रोजन फ्लोरिनला सहजी सोडत नाही. त्या सौम्यपणात दया नाही. ते कातडीवर भडकत नाही. गुपचूप आत उतरते आणि हाडातल्या, रक्तातल्या कॅल्शियमला गाठते. कळ काही तासांनी उठते. कॅल्शियम फार घटले तर हृदय थांबते.

मी तिथल्या स्टीलच्या कारखान्यात फोरमन होतो. वेल्डिंगचे काळे डाग काढायच्या पेस्टमध्ये हे आम्ल असे. माझा नियम एकच होता: अंगाला लागले, की दुखो वा न दुखो, मला सांगायचे.

पत्नीचा धाकटा भाऊ माझ्याच हाताखाली होता. रत्नागिरीचा, अखंड बडबड्या. रमजानच्या शेवटच्या दिवसांत एका दुपारी तो गप्प झाला.

"आज रेडिओ बंद?" एकाने विचारले.

"रोजा लागलाय. डोळ्यांसमोर चहा नाचतोय त्याच्या."

सगळे हसले. तोही हसला. त्याचे सुकलेले तोंड मीही पाहिले आणि उपासाचे मानले.

सूर्यास्त झाला, रोजा सोडायची मगरिबची अजान झाली. चटईवर खजुरांचे ताट आले आणि त्याने डावा हात पुढे केला. आमच्यात डाव्या हाताने कोणी खात नाही. मी त्याचा उजवा हात मांडीखालून ओढून काढला. अंगठ्याचे टोक पांढरे पडले होते, नखाखाली राखाडी.

"कधी?"

"सकाळी. हातमोज्याला भोक होता. काय नाय झाला, दुल्हेभाई. लगेच धुतला मी."

"सांगितले का नाहीस?"

"तुम्ही इस्पितळात नेला असता. सलाईन लावली असती, रोजा तुटला असता. यंदा एक पण सोडला नाय."

प्रथमोपचाराच्या पेटीतले कॅल्शियमचे मलम मी अंगठ्यावर चोळले आणि त्याला गाडीत घातले.

इस्पितळात त्याच्या छातीला तारा लावल्या. डॉक्टरांनी अंगठ्यात कॅल्शियमची सुई दिली. बधिर मात्र केले नाही. कळ थांबली तरच औषध पोहोचले असे समजायचे, दुसरी खूण नाही, असे ते हिंदीत म्हणाले.

"आता?" त्यांनी विचारले.

मेहुणा हसला. "थांबली."

ते हसू मी दुपारी पाहिले होते. "ऐकू नका त्याचे," मी म्हणालो. "पुन्हा टोचा."

सुई पुन्हा शिरली आणि तो ओरडला. डॉक्टरांनी तिसरी भरली.

अंगठ्याचे टोक पुढे काढावे लागले. त्या संध्याकाळी मात्र अंगठ्याचा विचार कोणी करत नव्हते. खिशात पत्नीचा फोन वाजत होता. पडद्यावरची हृदयाची रेघ नीट उठते-बसते आहे, असे डॉक्टरांनी सांगेपर्यंत मी तो घेतला नाही.