आपलाच हाय, साहेब

बीडच्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "काय काम करता, काका?"

"कॅडी होतो. पुण्याला, गोल्फच्या मैदानावर."

"म्हणजे?"

"खेळणाऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन त्याच्यासंगं चालायचं. मागंल ती काठी हातात द्यायची. अन् मारलेला चेंडू कुठं पडला ते बघायचं."

"बघायचं," असं हळूच म्हणून त्या परत लिहायला लागल्या.

काचबिंदू होता. उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डाव्याच्या कडा गेलेल्या. गेलं ते परत येणार नव्हतं. राहिलं ते टिकावं म्हणून थेंब दिले. "वर्षभर आधी आला असतात तर," एवढं बोलून त्या थांबल्या. वर्षभर आधी मला डॉक्टरकडे जा म्हणणारा माणूस होता. मीच गेलो नव्हतो.

आमचं घर धारूरजवळ, डोंगराच्या उतारावर. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारे आम्ही. समोरच्या टेकाडावर सीताफळीच्या झुडपामागं कोकरू उभं असलं तर ते मला इकडून दिसायचं. बाप म्हणायचा, याचे डोळे घारीचे हायत. लग्न झाल्यावर गावच्या एका माणसाच्या ओळखीनं पुण्याला गेलो. तो गोल्फच्या मैदानावर गवत कापायच्या कामाला होता. तिथं हेच डोळे कामी आले. चेंडू उडाला की त्याच्यामागं नजर पळवायची नसते. तो ज्या दिशेला गेला त्या रेषेतलं एखादं झाड धरायचं आणि सरळ त्या झाडाकडे चालायचं. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

दुसऱ्याच वर्षी मला साहेब मिळाले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, उंच, बोलायला कमी. पुढची सोळा वर्षं रविवारी आणि बुधवारी त्यांची बॅग माझ्याच खांद्यावर असायची. इतर लोक चेंडू मारला की कपाळावर हात धरून त्याच्याकडे बघत राहतात. साहेब बघायचे नाहीत. काठी माझ्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "दिसला?" मी म्हणायचो, "दिसला." मग आम्ही चालायला लागायचो.

चहा त्यांचा क्लबात, माझा कॅडींच्या शेडमागं. पण त्यांचे जुने बूट ते माझ्यासाठी ठेवायचे. ते मला लहान व्हायचे. टाचा दाबून मी सपातांसारखे वापरायचो. हे त्यांना दिसत असणार, पण ते कधी बोलले नाहीत. माझी आई वारली तेव्हा मी पंधरा दिवसांनी परत गेलो, तर तेवढे दिवस साहेब खेळायलाच आले नव्हते असं शेडमधल्यांनी सांगितलं. मी साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "कंबर दुखत होती."

मग हळूहळू उजवीकडचं जग पुसट व्हायला लागलं. आधी माणसं अचानक बाजूला उगवायची. मग चेंडू आभाळात हरवायला लागला. मी काठीच्या आवाजावरून आणि साहेबांचा खांदा किती वळला त्यावरून अंदाज बांधायला लागलो. सोळा वर्षांच्या सवयीनं बरेचदा अंदाज खरा निघायचा. नाही निघाला की म्हणायचो, गवत लई वाढलंय.

एकदा चालता चालता मी गाडग्याएवढ्या दगडाला ठेचकाळलो. साहेब म्हणाले, "डोळे दाखवून घे. मंगळवारी दहाची वेळ घेऊन ठेवतो. माझं नाव सांग."

मी मंगळवारी खोलीवर बसून राहिलो. डोळे गेलेला कॅडी कोण ठेवणार? डॉक्टरनं कागदावर लिहिलं तर ते खरं होईल, असंही वाटत होतं. बुधवारी साहेबांनी विचारलं.

"दाखवले. डॉक्टर म्हणले, काय न्हाई. चष्मा लागंल."

"बरं," ते म्हणाले.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी क्लबाची स्पर्धा होती. साहेब त्या दिवशी फार छान खेळत होते. शेवटून तिसऱ्या खड्ड्याकडं खेळताना त्यांचा चेंडू झाडांत गेला. जोडीला खेळणाऱ्याचाही तिकडंच गेला. दोघांचे चेंडू एकाच बनावटीचे. साहेब आपल्या चेंडूवर पेनानं दोन हिरवे ठिपके काढायचे, जोडीदाराचे निळे होते. सावलीत मला एक चेंडू सापडला. वाकून बघितलं. ठिपके होते, पण हिरवे की निळे, कळेना. मी डोकं हलवून बघितलं, तिरकं बघितलं. मागं साहेब थांबलेले.

"आपलाच हाय, साहेब."

साहेबांनी वाकून बघितलं नाही. मारला. थोड्या वेळानं जोडीदार म्हणाला, "अहो, माझा चेंडू मारलात तुम्ही." दोन फटक्यांचा दंड बसला. साहेबांनी माफी मागितली, माघारी येऊन आपला चेंडू शोधला, तोही स्वतःच. उरलेला खेळ पुरा केला. नंबर हुकला.

गाडीत बॅग ठेवताना त्यांनी विचारलं, "दिसत नाही ना तुला?"

"दिसतं की साहेब. सावली होती तिथं."

"डॉक्टरकडे गेला होतास?"

"गेलतो."

त्यांनी डिकी लावली. "तो डॉक्टर माझा मित्र आहे. तू आलाच नाहीस, हे त्यानं मला त्याच दिवशी सांगितलं होतं."

एवढे महिने त्यांना माहीत होतं आणि तरी बॅग माझ्याकडेच होती. मी आपण होऊन सांगेन म्हणून ते थांबले होते, असं मला आता वाटतं. तेव्हा फक्त लाज वाटली, आणि लाजेचा राग झाला.

पुढच्या रविवारी त्यांची बॅग दुसऱ्याच्या खांद्यावर होती. साहेबांनी लांबून मान हलवली. मी दुसरीकडे बघितलं. महिनाभर मिळेल त्याच्यासोबत फिरलो, मग शेडमध्ये सगळ्यांना कळलं आणि मला कुणी घेईना. एसटीत मला कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून मी मागच्या सीटवर बसून गावी आलो.

आता भाऊ मेंढरं घेऊन जातो, मी त्याच्या आवाजामागं चालतो. कुठलं मेंढरू मागं राहिलं ते तोच मला सांगतो.

पहिल्या वर्षी साहेबांचे तीन फोन आले. मी उचलले नाहीत. चौथा उचलला, कारण स्क्रीनवरचं नाव वाचता आलं नव्हतं.

"कसा आहेस?"

"बरा हाय साहेब. तुमी?"

"गुडघे गेले. खेळणं बंद केलं."

डोळ्यांचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माफी मागायची होती, ती शब्दांत आली नाही. मग ते म्हणाले, "ठीक आहे, ठेवतो."

बायको चुलीपाशी होती. तिनं विचारलं, "कोण होतं? काय म्हणले?"

"साहेब होते. काय न्हाई म्हणले."

त्यानंतर फोन आला नाही. मीही केला नाही.