बहिऱ्या कानाला लावलेलं लाटणं

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आवाज आला की कुठंतरी काहीतरी ढिलं असतं, एवढंच मला ठाऊक. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं फौजेच्या वर्कशॉपात. तिथंच तोफांपाशी उजवा कान गेला, कायमचा. डावाही कामापुरताच उरला.

पेन्शन घेऊन गुडगावात राहिलो. तेव्हा तिथं शेतांमध्ये टॉवर उठत होते, नवा पैसा आला होता, आणि हौशी लोक जुन्या विलायती रेसिंग गाड्या बाहेर काढून पळवायला लागले होते. त्यांची इंजिनं मी बांधायचो. नवे पिस्टन घालायचे, हेड घासून दाब वाढवायचा, होती त्याहून जास्त ताकद काढायची.

पण ऐकायचं काम हिचं… माझ्या बायकोचं, सुमनचं. पोळ्या सोडून लाटणं घेऊन यायची. एक टोक चालू इंजिनाला, दुसरं आपल्या उजव्या कानाला. "अहो, दोन नंबरचा सिलिंडर कुरकुरतोय. तुमच्यासारखाच." तिच्या बांगड्या वाजायच्या, मी खेकसायचो, बांगड्या आवर म्हणून. निदान मात्र कधी चुकलं नाही.

एका थंडीत ती गेली.

तेराव्याला पंगतीत वाढायला आमचे जुने गिऱ्हाईक, सरदारजी, उभे होते. त्यांचीच लाल टू-सीटर माझ्याकडे होती. पुढच्या रविवारी जुन्या धावपट्टीवर रेस. शनिवारी दुपारी इंजिन चालू केलं. सरदारजींनी कान दिला, खूश झाले. "उस्ताद, गा रहा है. अब मत खोलना."

मलाही ठीकच वाटलं. तरी सवयीनं लाटणं आणलं, ती धरायची तसंच धरलं…

आणि ऐकू आलं. लख्ख. चारी सिलिंडर वेगवेगळे, आणि तिसऱ्याच्या खाली बारीक ठक… ठक… मध्येच बांगड्या वाजल्या. मी नेहमीसारखा खेकसलो — "बांगड्या आवर गं, ऐकू दे." त्या थांबल्या. ठक ठक चालूच.

इंजिन बंद केलं तेव्हा कळलं, लाटणं माझ्या उजव्या कानाला होतं.

खोलावं लागेल म्हटलं. सरदारजी म्हणाले, "किसने कहा?"

"हिने."

 त्यांनी कोट काढला आणि पाना माझ्या हातात दिला. तिसऱ्या पिस्टनच्या रॉडचा बोल्ट… आरपार चिरलेला, केसाएवढा धरून होता. भर वेगात तुटला असता तर रॉड इंजिन फोडून बाहेर आला असता, गाडी उलटली असती. त्या गाडीला ना छप्पर, ना पट्टा. सरदारजी तो बोल्ट मुठीत धरून तिथंच खाली बसले.

नंतर डॉक्टरला कान दाखवला. म्हणाला, यात काही उरलेलं नाही. मग ऐकलं कुणी, कशानं… मला आजही सांगता येत नाही.

अजून दर इंजिनाला लाटणं लावतो. उजव्याच कानाला. काही ऐकू येत नाही. ठक ठक नाही आली तरी चालेल मला, बांगड्या तेवढ्या वाजायला हव्यात… पण मीच आवर म्हटलं, आणि तिनं आवरल्या.