गिरिधरदादाचं नाक

माहा मोठा भाऊ गिरिधर दिवाळीच्या आधी गेला. मी तारा, त्याची लहान बहीण, त्याच्याच घरी राहो. धंतोलीच्या डॉक्टरनं त्याचं लिव्हर पाहून मले विचारलं, "दारू किती पीत होते?" म्या म्हटलं, "एक थेंब नाई जी. गूळ खात होते." डॉक्टर असा पाहे का मीच पिऊन आली.

तं गुळाचं असं हाय. दादा वाडीले एका थिनरच्या कारखान्यात होता. तिथं टोलीन ड्रमानं ये. दिसाले पाण्यासारखं. ट्रकचा रंग पातळ कराले तेच, पंक्चरच्या सोल्युशनले तेच, छापखान्याची शाई पुसाले तेच. जवळ कोणी बिडी पेटवली तं कारखाना उडन, असा माल. अन् वास गोड. त्या गोड वासानं डोकं फिरे, हात कापे. सेठजीनं इलाज काढला, दिवसातून दोन वेळा गुळाचा खडा. "गुळानं गॅस खाली बसते," म्हणे. कुठं बसते ते त्यायलेच ठाऊक. इन्स्पेक्टर आला, त्यानंही गूळ खाल्ला अन् लिहून गेला का व्यवस्था उत्तम.

दादाचं काम वास घ्याचं. टोलीनमंदी रॉकेल मिसळलं असलं तं नाकानं धरे. सेठजी साऱ्यायले सांगे, "लेबोरेटरी कायले पाह्यजे? आपल्यापाशी गिरिधर हाय!" दादाची छाती फुगे. बारा वर्षं फुगली.

मंग एक दिवस दाळ जळून कोळसा झाली अन् दादा चुलीपाशीच पेपर वाचून राहिला.

"काहून गा दादा, नाक गहाण ठेवलं काय?"

तो हळूच म्हणे, "चार महिने झाले, तारा. कोणाले सांगू नको वं, काम जाईन."

तवापासून तो ड्रमावर नाक धरून नाटक करे अन् लपून एक थेंब कागदावर टाके. टोलीन उडून जाते, कागद कोरा. रॉकेल असलं तं तेलाचा डाग राह्यते. नाकापेक्षा कागद पक्का, पण गिऱ्हाइकापुढं कागदाचा काय रुबाब?

असंच एक मोठं गिऱ्हाईक आलं, मधुकरराव. सेठजीनं नाकाची तारीफ सुरू केली. मधुकररावानं आपल्या झोल्यातून शिशी काढली. "हात नाई लावाचा. नुसता वास."

सारा कारखाना जमा. दादानं डोळे मिटले, लंबा श्वास घेतला. "असली माल! एक नंबर टोलीन."

मधुकररावानं शिशी तोंडाले लावली.

"मरान ना जी!" दादा झपटला. शिशी फुटली, मधुकररावाचा सफारी ओलाचिंब, अन् ते पोट धरून हसून राहिले. शिशीत नळाचं पाणी होतं.

सेठजीनं पहिले सफारीची माफी मांगितली. मंग दादाले म्हणे, "उद्यापासून येऊ नको."

दादा भरदुपारी घरी आला. सारं ऐकून मी रडाले लागली. तो खाटेवर बसला.

"रडू नको वं," म्हणे. "पाणीच होतं. मले तं वाटलं, माणूस गेला."