ठिपकेवालीची रिकामी फांदी

ठिपकेवालीने आयुष्यात एक रेघ ओढली नाही. झाड असो की बैल असो, सगळं ठिपक्यांनी. तुराटीचं टोक दातांनी चावून मऊ करायचं, गेरूत नाही तर चुन्यात बुडवायचं आणि भिंतीवर टेकवायचं. "रेघ पळते, बाई," ती मला म्हणायची. "ठिपका बसते."

ती मेळघाटातली कोरकू. मुलगा अमरावतीला नोकरीला लागला म्हणून डोंगर सोडून आमच्या शेजारच्या खोलीत आली. आल्या आल्या माझ्या मागच्या अंगणात उभी राहून भिंतीकडे बघत होती. मी म्हटलं, काय गं, काय हरवलं? तर म्हणते, "कोरीच हाये वो ही भिंत. तुमाले करमते कसं?" आठवडाभरात तिथे मोहाचं झाड उभं राहिलं, फुलांनी लगडलेलं.

पुढे भिंतींवर, कापडांवर, कागदांवर तिने मोहच मोह काढले. दर झाडाची उजवीकडची एक फांदी मात्र रिकामी. पान नाही, फूल नाही. मला वाटायचं, असेल हिची तऱ्हा. मग एकदा चित्रं विकणारा एक माणूस आला आणि म्हणाला, "मावशी, या फांदीवर मोर काढा ना. लोकांना मोर आवडतो."

"मोर माह्या धाकट्या बहिनीचा हाये. तिले इचारा."

"कुठे असते ती?"

"बार्शीटाकळीकडे."

"मग लावा फोन."

"मी नाई बोलत तिच्यासंग," म्हणाली आणि तुराटी घेऊन आत निघून गेली.

त्या दिवशी चहा पिताना मला सगळं कळलं. त्यांच्या घरची रीत अशी, की आई आपलं चित्र लेकींना वाटून देते. तळहातावर गेरूचा ठिपका लावला की ते चित्र त्या लेकीचं. दुसरीने ते काढायचं नाही. आईच्या भिंतीवर मोहाच्या झाडावर मोर बसलेला होता. थोरलीला, म्हणजे हिला, झाड दिलं, धाकट्या फुलाबाईला मोर. आई गेल्यावर भावाने सिमेंटचं घर बांधायला काढलं. भिंत पाडू का, म्हणून थोरलीला विचारलं. ही पाड म्हणाली. फुलाबाई गावाला आली तेव्हा समोर मातीचा ढीग. "माह्या मोराची तू माती केली," म्हणाली, आणि तेव्हापासून बोलणं बंद.

"मले वाटलं, भिंतीचं काय, हातात तं हाये," ठिपकेवाली मला सांगत होती. "पर आईच्या हातचा मोर थो एकच होता वो."

एका सकाळी फुलाबाईच्या मुलाचा माझ्याकडे फोन आला. मावशीला पाठवा, आईला अकोल्याला दवाखान्यात भरती केलंय, श्वास घेता येत नाही. हिचा मुलगा कामावर गेलेला, मी हिला एकटी कशी सोडणार? दोघी एसटीत बसलो. वाटभर एकच घोकणं. "तिले लेक नाई, बाई. एक पोरगा हाये. मोर कोनाले देईन थे? माह्या झाडावर कोन बसन?"

दवाखान्यात फुलाबाई नाकाला नळी लावून पडली होती. बहिणीला पाहून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मग पुन्हा वळली. दोघी कोरकूत काय बोलल्या, मला कळलं नाही. फुलाबाईने हात पुढे केला, आणि ठिपकेवालीने पदराची गाठ सोडली. आत गेरूचा खडा! घरूनच बांधून आणला होता. पिण्याच्या पाण्यात भिजवून फुलाबाईने बहिणीच्या तळव्यावर ठिपका लावला. तेवढ्यात नर्सबाई ओरडली, "अहो मावशी, चादर लाल करू नका!"

रात्री अकोल्यातच, जठारपेठेत माझ्या नणंदेकडे मुक्काम केला. ठिपकेवाली तो हात धुवायला तयार नाही. मूठ मिटून बसलेली. मीच तिला भाकरी भरवली. प्रत्येक घासाला रडत होती.

सकाळी लवकरच दवाखान्यात गेलो. बघतो तर काय, फुलाबाई पलंगावर उठून बसलेली, चहात बिस्कीट बुडवून खातेय! आम्हाला पाहिलं आणि म्हणाली, "दे माहा मोर वापस."

"देल्ली वस्तू वापस मांगते का वो कोनी?"

"मी मेली का? नाई ना? मंग दे!"

शेजारच्या पलंगांवरचे पेशंटसुद्धा हसायला लागले. ठिपकेवालीने आपल्या तळव्यावर थुंकी लावली आणि तो बहिणीच्या तळव्यावर दाबून धरला. बराच वेळ सोडलाच नाही. सोडला तेव्हा ठिपका दोघींच्याही हातावर होता. मी तर तिथल्याच स्टुलावर बसले बाई.

दवाखान्यातून सुटी झाल्यावर फुलाबाई आमच्या गल्लीत राहायला आली. अंगात थोडी ताकद आल्यावर माझ्या अंगणात पाट टाकून बसली आणि रिकाम्या फांदीवर मोर काढू लागली. पिसारा वाढतच गेला. ठिपकेवाली मागून कुरकुरत होती, "केवढा करतं वो? फांदी मोडन ना माही!"

"झाड तुह्यं हाये," फुलाबाई मागे न बघता म्हणाली. "तू सांभाळ."

यंदा दोघी बहिणी मेळघाटात परत गेल्या. भावाच्या सिमेंटच्या भिंतीवर चित्र काढायचं म्हणून. हिचा मुलगा दिवसभर कामावर, शेजारची खोली बंद असते, मला करमत नाही. दिवाळीला माझा मुलगा म्हणाला, आई, मागची भिंत रंगवून घेऊ. मी म्हटलं, तेवढी सोडून सगळं घर रंगव.

सकाळी दार उघडलं की आधी त्या फांदीकडे बघते. मोर चांगला जड आहे. फांदी अजून मोडलेली नाही.