नांगर टाकायला जागा

ये, अशी जवळ सरकून बस. समोर नाहीस ते ठाऊक आहे मला, पण लिहिताना कुणीतरी शेजारी बसलेलं लागतं, आणि आज ती पाळी तुझी. आधी थोडी बोलणी खा. होडीचा फोटो टाकला की अंगठा दाखवतेस, ‘काका ग्रेट’ म्हणतेस, आणि दिवाळीत भोसरीच्या पुलावरून गेलीस ती वर न येताच. ट्रॅफिक होतं म्हणे. इथे ट्रॅफिक कधी नसतं गं? असो. मावशी आहे, बोलणारच. आता त्या फोटोच्या मागे काय झालं ते ऐक.

तुझे काका खाडीकाठचे. सगळी उमर भोसरीच्या कारखान्यात फायबरच्या टाक्या आणि बसच्या सीटा बनवण्यात गेली, पण झोपेत माणूस भरती-ओहोटीचंच बोलायचा. निवृत्त झाल्यावर पार्किंगमधल्या आमच्या जागेत त्यांनी होडी बांधायला घेतली. जागा रिकामीच होती, गाडी आमच्याकडे कधी नव्हती. दोन माणसं आडवी झोपतील एवढीच होडी, एका शिडाची. बिल्डिंगमधले येता-जाता म्हणायचे, काका, पवनेला पूर आला की पहिला नंबर आमचा हं. हेही हसायचे.

मग हात थरथरायला लागला. आधी उजवा, मग दोन्ही. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. हे बाहेर चपला घालत होते तेवढ्यात मी आत जाऊन विचारलं, होडी चालवतील ना हो? ते म्हणाले, “चालवायची असेल तर या वर्षी चालवू द्या.” घरी येऊन भात टाकला. यांना यातलं काही बोलले नाही.

आणि नेमकं त्याच पावसाळ्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं, की आमच्या कोपऱ्यात विजेच्या गाड्यांचं चार्जिंग बसवायचं. सेक्रेटरी भला माणूस, माझ्या हातचं लोणचं नेणारा. माझ्याकडे न बघता म्हणाला, काकू, दसऱ्यापर्यंत हलवा, नाहीतर भंगारवाल्याला बोलवावं लागेल. हे तिथेच बसले होते. त्यांनी हात मांडीखाली दाबून धरला.

तेव्हापासून होडी पाण्यावर बांधून ठेवायला जागा शोधत आमची वणवण सुरू झाली. पवनेच्या धरणाकडे एका क्लबात गेलो. तिथला तरुण मुलगा फार गोड. म्हणाला, आजी, याला मूरिंग म्हणतात, आमच्याकडे सीझनचं पॅकेज आहे. पॅकेजमध्ये काय नव्हतं? जेवण होतं, पोहण्याचा तलाव होता. मी म्हटलं, बाबा, होडी जेवत नाही. तो हसला, पण भाडं काही उतरलं नाही. आमचं पेन्शन त्याच्या दारात उभं राहायच्या लायकीचं नव्हतं. दुसरीकडे एका रिसॉर्टवाल्याला होडी फार आवडली. ठेवा, म्हणाला, फुकट ठेवा, गेटजवळ. माती भरून पिटुनियाची फुलं लावतो, लोक सेल्फी काढतील. परतीच्या रिक्षात हे बाहेर बघत होते. मध्येच म्हणाले, “माती भरणार म्हणे.” मोशी येईपर्यंत मला त्यांच्याकडे बघवेना.

आळंदीलाही जाऊन आलो. घाटावर हे वाकले, इंद्रायणीचं पाणी ओंजळीत घेतलं, हुंगलं आणि तसंच सोडून दिलं. इथे नको, म्हणाले.

दसरा तोंडावर आला. रात्री पडल्या पडल्या मला तो भंगारवाला दिसायचा, कटर घेऊन. मी ज्याला त्याला विचारत सुटले. भाजीवालीला विचारलं, दूधवाल्याला विचारलं. शेवटी खालच्या टेम्पोवाल्याने त्याच्या साडूचा नंबर दिला. चाकणच्या पलीकडे, धरणाच्या काठावरचं गाव. मी लगेच फोन लावला.

“नमस्कार. आम्हाला तुमच्याकडे हंगामापुरती नांगर टाकायला जागा हवी होती.”

पलीकडून तो म्हणाला, “कुणी सांगितलं तुमाला, आमी जमीन देतो म्हणून?”

“जमीन नको हो. काठालाच. पाण्यात.”

“पाण्यातलीच ऱ्हायलीय आमची. ती बी पायजे व्हय तुमाला?”

फोन बंद. मी पुन्हा लावला, पुन्हा बंद. माझं काय चुकलं ते मला कळेना. यांना सांगितलं तर म्हणाले, प्रत्यक्ष जाऊ. आणि निघताना बाजाराच्या पिशवीत त्यांनी होडीचा लोखंडी नांगर घातला. तळ कसा आहे ते टाकून बघितल्याशिवाय जागा ठरवायची नाही, हा त्यांचा हट्ट. नुसती गाठ पडेल की नाही तीच पंचाईत, आणि हे तळ बघायला निघालेले. चाकणला वडापच्या जीपमध्ये ड्रायव्हर म्हणाला, आजोबा, पिशवीत सोनं हाय का काय, गाडी एका अंगाला चाललीय.

अंगणात तो माणूस कांदा निवडत बसला होता, पायरीवर त्याची म्हातारी आई. मी फोनवरची, म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, पुण्याकडची माणसं येतात, सगळी हंगामापुरतंच म्हणतात, मग कुंपण घालतात. धरणात त्यांची चांगली जमीन गेली होती. पाणी उतरलं की गाळातून थोडी उघडी पडते, तेवढीच चार महिने पिकवायची.

“आन् तुमी नांगर टाकणार म्हंता. पेरणार काय?”

“पेरायचं कशाला?” मी म्हटलं. “दोर बांधून पाण्यात सोडायचा.”

म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली. “अगं बया. ही नांगर पाण्यात सोडती.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आणि मी कुठली? चाकणजवळच्या खेडच्या शेतकऱ्याची मुलगी, नांगरामागे ढेकळं फोडत वाढलेली. लग्न होऊन कोकणात गेले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी सासरे म्हणाले, नांगर टाकून आलो. मला वाटलं, म्हाताऱ्याने शेती सोडली, आता खायचं काय? सगळं घर हसलं होतं मला. आणि इतकी वर्षं त्या माणसाच्या संसारात काढल्यावर आता नांगर म्हटलं की मला फक्त होडीचाच दिसतो. माहेरचा नांगर कधी बुडाला कळलंच नाही.

हे पिशवीतून नांगर काढायला लागले. हात इतका थरथरत होता, की आकडा पिशवीच्या बंदात अडकला. त्या माणसाने पाहिलं. कांदा खाली ठेवून उठला, यांच्या हाताला हात न लावता नुसता बंद सोडवला आणि नांगर उचलून सारवलेल्या अंगणात ठेवला. म्हातारीने तो बोटाने चाचपला.

“फाळ चार, आन् बैल एक बी न्हाई,” ती म्हणाली.

मग आम्ही पाण्यावर गेलो. लांब एका बाभळीचा शेंडा पाण्याबाहेर होता. तो बांध आमचा, तो म्हणाला. यांनी नांगर टाकला, दोर ओढून बघितला. गाळ धरतोय, म्हणाले. कितीतरी महिन्यांनी आवाजात जीव होता.

भाडं त्याने सांगितलं ते आम्हाला झेपणारं होतं. वर एकच अट म्हातारीची. तिची बहीण पल्याडच्या गावात. पूर्वी ती चालत जायची, आता पाण्याला वळसा घालून दोन गाड्या बदलाव्या लागतात, गुडघे साथ देत नाहीत. तर तिला अधूनमधून पल्याड सोडायचं. हे म्हणाले, कबूल. आणि निघताना तो माणूस यांना म्हणाला, “पाणी हाय तवर ऱ्हावा. पाणी सरलं की तुमचा नांगर उचला. मग तितं आमचा चालंल.”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी टेम्पोतून होडी गेली. चाकणच्या चौकात कंटेनरांच्या मध्ये शीड गुंडाळलेली होडी अडकली, आणि शेजारच्या कंपनीच्या बसमधली पोरं डोकी बाहेर काढून विचारत होती, काका, समुद्र कुठे लागतो? तू अंगठा दाखवलास तो फोटो त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. पुढे म्हातारी बसलीय, दोन्ही हातांनी काठ धरून, आणि मागे सुकाणूवर तुझे काका. फोटोत हात स्थिर दिसतो. फोटोच तो.

आता खरं सांगते, कशासाठी लिहितेय ते. पाणी उतरायला लागलंय. कालव्याला सोडतात ना. दर रविवारी जावं तर काठ पुढे गेलेला, मध्ये ओल्या गाळाची पट्टी, आणि नांगर उचलून आणखी आत टाकायचा. बाभळ आता कमरेपर्यंत उघडी झालीय. संक्रांत झाली की तो तिथे उन्हाळी भुईमूग करणार, त्याने आधीच सांगितलंय, आणि त्याचं बरोबरच आहे. मग होडी त्याच्या आंब्याखाली पालथी घालून शाकारायची. पुढच्या नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात, असं हे म्हणतात. मी मान हलवते आणि आत जाऊन नळ सोडते, म्हणजे बाहेर त्यांना काही ऐकू जात नाही.

गेल्या रविवारी दोराची गाठ त्यांना जमली नाही. एकदा केली, सुटली. दुसऱ्यांदा सुटली. मग त्यांनी दोर माझ्या हातात दिला. मला होडीची गाठ कुठे येते? मी आपली दाव्याची गाठ मारली, गोठ्यातली. त्यांनी वाकून बघितली.

“बैल बांधलास काय?” म्हणाले.

पण सोडली नाही. तशीच राहू दिली, आणि परतताना जीपमध्ये डोळे मिटून बसले.

म्हणून म्हणते, फोटो पुरे झाले. येताना त्या म्हातारीसाठी थोडा तिळगूळ आण, आणि चिखलातल्या चपला घाल. पण संक्रांतीच्या आत ये गं. अजून बाभळीपर्यंत पाणी आहे. लवकर ये.